पाच गुरुवार

त्या शुक्रवारी विनिताला एका तासात दोन बातम्या मिळाल्या आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात. साडेअकराला काजू कारखान्याच्या मॅनेजरनी तिला बोलावून सांगितले की चतुर्थीची सुट्टी संपली की निवडीच्या हॉलची इन्चार्ज तीच. चाळीस बायका, बारा टेबले, आणि कुठला गर कुठल्या प्रतीचा याबद्दल शेवटचा शब्द तिचा. नऊ वर्षे तिने त्याच हॉलमध्ये उभे राहून पांढरा गर, करपलेला गर आणि तुकडा वेगळा केला होता. साडेबाराला बालकल्याण समितीच्या कोमल मॅडमांचा फोन आला. रेश्माला विनिताच्या घरी, बुगड्यांकडे, सांभाळायला ठेवण्याच्या आदेशाचे वर्ष पुढच्या महिन्यात संपत होते. घरभेट चतुर्थीनंतर होणार होती, पण समितीची बैठक सोमवारीच ठरली, तेव्हा मॅडम आजच येणार होत्या, चार वाजता.

विनिताने हॉलमधल्या मैत्रिणींना पहिली बातमी सांगितली, दुसरी गिळली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पेडण्याहून कोरगावला स्कूटर अशी हाणली की वाटेत एका मासेवालीने तिला दोन शिव्या घातल्या. तिला त्या लागल्याच नाहीत. तिला पोरही हवी होती आणि हॉलही हवा होता, आणि आज दोन्ही मिळणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

घरात आधीच धामधूम होती. चतुर्थीला पाच दिवस उरले होते आणि बुगड्यांच्या दोन घरांचा गणपती एकच, मोठ्या घरी. म्हणजे शेजारच्या धाकट्या घरातली वत्सलाकाकी सकाळपासून आपली कढई घेऊन इकडे. विनिताची सासू शेवंती पाटावर बसून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरत होती, तिची धाकटी जाऊ वत्सला गॅसपाशी त्या तळत होती, आणि दोघींमध्ये चार वर्षांच्या रिवाजाप्रमाणे एक शब्द बोलणे नव्हते. चार वर्षांमागे अशाच चतुर्थीला वत्सलाने पाहुण्यांच्या एका भुकेल्या पोराच्या हातावर नैवेद्याआधी गरम नेवरी ठेवली होती. शेवंती "देवाच्या आदी?" एवढेच म्हणाली, वत्सला "पोराक भूक लागली" एवढेच म्हणाली, आणि तिथे जे बोलणे तुटले ते तुटलेच. काम मात्र कधी अडले नाही. दोघींच्या मध्ये निरोप्या असे. पूर्वी ते काम विनिताकडे होते, गेले अकरा महिने रेश्माकडे.

"रेश्मा, तिका सांग, आच बारीक कर."

आठ वर्षांची रेश्मा दोन पावले सरकली. "काकीआजी, आच बारीक कर म्हणता."

"तिका सांग, माका डोळे आसत."

"आजी, तिका डोळे आसत."

पोर हे सगळे अगदी गंभीरपणे करी. एक अक्षर इकडचे तिकडे नाही, हसणे नाही, कंटाळा नाही. सांगाल तिथे जाई, वाढाल ते खाई. गावातल्या बायका विनिताला म्हणत, नशीब काढलेस, असली गुणी पोर मिळाली. विनितालाही तसेच वाटे.

रेश्माची आई वारलेली. बाप खनिजाच्या ट्रकवर होता, तो एक दिवस गेला तो कुठे गेला याचा पत्ता कोणालाच लागला नाही. बालकल्याण समितीने पोर विनिता आणि तिचा नवरा श्रीनाथ यांच्या हाती दिली ती दत्तक नव्हे, सांभाळायला, आणि तीही वर्षभरापुरती. विनिता मात्र सहाव्या महिन्यापासून रेश्माची आई झाली होती. कागदावर काय लिहिले आहे ते तिने त्यानंतर वाचले नव्हते.

"मॅडम आज येतत. चाराक," विनिता दारातूनच म्हणाली. "आणि मी हॉलची इन्चार्ज झालंय."

कुठल्या बातमीवर आधी बोलावे ते कोणाला कळेना. सासरे गुरुदास केरीच्या फेरीबोटीवर तीस वर्षे काढून निवृत्त झालेले, त्यांना फक्त हॉलची ऐकू आली. "अख्ख्या हॉलची?" असे तीनदा विचारून ते हातात झाडू घेऊन उभे राहिले. झाडायचे कुठे हे मात्र त्यांनी कोणाला विचारले नाही. शेवंतीने हातातली नेवरी दोनदा भरली आणि ती फुटली.

पहिली शुद्धीवर आली ती सोनाली. श्रीनाथची ही थोरली बहीण डिचोलीला शाळेत शिकवायची, आणि चतुर्थीला माहेरी येताना दोन बॅगा आणि बराचसा उपदेश घेऊन यायची.

"अभिनंदन. आता माझं ऐक," ती म्हणाली. "त्या बाई एकच गोष्ट विचारणार. शाळा एकला सुटते, तू सहाला येतेस. श्रीनाथ विमानतळावर, त्याच्या पाळीचं काही खरं नाही. मधले पाच तास पोर कुणाकडे?"

"घरात आसत मां सगळी."

"समितीला सगळी चालत नाहीत, एक माणूस लागतं. म्हणून मी म्हणत होते, दोन वर्षं काम सोड."

"ताई, मी आज इन्चार्ज झालंय," विनिता पुन्हा म्हणाली. या वेळी तिचा आवाज थोडा चढला होता.

सोनालीने मग सगळ्यांना उभे केले आणि वर्गाला सांगतात तसे सांगितले की विचारले तर अडखळायचे नाही, ठाम उत्तर द्यायचे. सगळ्यांनी मान डोलावली. ठाम उत्तर कोणते द्यायचे हे ठरवायचे राहून गेले, कारण तेवढ्यात कढईतल्या नेवऱ्या लाल झाल्या.

कोमल मॅडम चारच्या ठोक्याला आल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी चहा नको म्हणून सांगितले, रेश्माचे अंथरूण पाहिले, वह्या पाहिल्या, आणि मग घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचे आहे म्हणाल्या. त्यांच्या कामाची ती पद्धतच होती.

शेवंतीची पाळी पहिली. देवघरापाशी मॅडम समोर बसल्या तेव्हा खरे सांगायचे असेच तिने ठरवले होते. खरे म्हणजे पोर आली त्या दिवशीच शेवंती विनिताला म्हणाली होती, "जेवाण वाढीन. बाकीचा माका सांगू नको." म्हणून विनिताने वत्सलाला विचारले होते आणि वत्सला हो म्हणाली होती. जेवून रेश्माने शेजारी जायचे, सहापर्यंत तिथे राहायचे. एवढे सांगितले की झाले.

पण मॅडमनी विचारले, "दुपारी ती कुणाकडे असते?" आणि शेवंतीच्या तोंडून वत्सलाचे नाव निघेना. जेवण झाल्यावर पोर ताटे उचलायची. मग एक दिवस तिच्या केसांत गुंता दिसला. एकदा विंचरायला बसवले, दुसऱ्या दिवशी तेल लावले, आणि बघता बघता दोन वाजायचे, तीन वाजायचे. हे शेवंतीने घरात कोणालाच सांगितले नव्हते. बाकीचे मला सांगू नको म्हणून बसल्यावर सांगणार कुठल्या तोंडाने? आणि आता सरकारी वहीत पोर वत्सलाच्या नावाने चढणार, या विचाराने तिला अंगभर राग आला.

"माज्याकडे," शेवंती म्हणाली. "पाचय तास. लिवन घ्या."

पाऊण तासाने मॅडमनी सगळ्यांना ओसरीवर बोलावले. रेश्मा विनिताला चिकटून बसली. मॅडमनी वही उघडली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून विनिताला काहीतरी बिनसल्याचे कळले.

"मी वाचते, चुकलं तर सांगा," त्या म्हणाल्या. "शेवंतीबाई सांगतात, एक ते सहा पोर त्यांच्याकडे. वत्सलाबाई सांगतात, एक ते सहा त्यांच्याकडे. गुरुदासबाब सांगतात, ते तिला रोज बागायतीत नेतात, एक ते सहा. सोनालीबाई डिचोलीला राहतात, तरी देखरेख त्यांचीच, कारण रोज पाचला त्यांचा फोन असतो."

विनिताला एकाच वेळी हसू आणि धडकी आली. सगळ्यांनाच पोर हवी आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होते, आणि तेच आता कागदावर खोटेपणासारखे दिसत होते.

"तसा न्हय," गुरुदास म्हणाले. "मी चार वाजल्यार बागायतीत व्हरतंय. तेच्याआदी ती वत्सलाकडे आसता."

"आणि जेवल्यार माज्याकडे," शेवंती खाली बघत म्हणाली. "तीन वाजासर. केस विंचरतंय तिचे."

वत्सलाने मान वर केली. चेडू, म्हणजे पोर, रोज तीनला का येते हे कोडे तिला अकरा महिने होते.

"म्हणजे थोडा थोडा वेळ सगळ्यांकडे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा सैलावला. "ते वाईट नाही. नीट लिहून देता येईल. उदाहरणार्थ कालचंच सांगा. काल गुरुवार. काल कुणाकडे किती वेळ?"

"काल माजा भजन," शेवंती म्हणाली. "आषाढीपासून गुरवारचा आसता. दोनांक भायर पडतंय. काल ती शेजारीच होती."

वत्सलाने प्रथम रेश्माकडे पाहिले, मग मॅडमकडे. "काल माजो पेडण्याचो बाजार. म्हयनो जालो, पावसाळी भाजी घेवन दर गुरवारी एकाच्या बसीन जातंय. पाच वाजतत येवक. काल ती मोठ्या घरात होती."

"बाबा?" विनिताने विचारले.

"गुरवारी मी केरीक. फेरीवाल्यांका भेटाक. घरात दोन बायलो आसत म्हणान…" गुरुदास म्हणाले.

"मी निरोप धाडललंय," शेवंती म्हणाली. "आज भजन, चेडू दोनांकच येतला, घरात रव म्हणान."

"मीय धाडललंय," वत्सला म्हणाली. "आज बाजार, चेडवाक तुज्याकडेच ठेव म्हणान."

"कुणाबरोबर?" मॅडमनी विचारले.

सगळे रेश्माकडे बघत होते.

"दिलंय नाय," रेश्मा म्हणाली.

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. "किती गुरुवार, रेश्मा?"

"पाच."

"एकटीच होतीस?"

"भितूरसून कडी लावन. कोणाक कळूक नाय." हे तिने जरा अभिमानानेच सांगितले.

"निरोप का नाही दिलेस?"

रेश्माने विनिताकडे पाहिले, मग सोनालीकडे, आणि मान खाली घातली. "दिलो आसतो तर दोगांकय कळला आसता, घरात कोण नाय. आत्या म्हणाली, बगूक कोण नसला तर आई काम सोडतली. नायतर माका परत देवक होया."

सोनालीला ती संध्याकाळ लख्ख आठवली. जुलैचा महिना, पावसाने कोंडलेले घर, हीच ओसरी, आणि ती नवऱ्याशी फोनवर बोलत होती. पोर बाकावर बसून गणिते सोडवत होती. सोनाली बोलली होती ते अगदी असेच, आणि बोलून झाल्यावर त्याच पोरीला तिने नऊचा पाढा विचारला होता. बावीस वर्षे मुलांना शिकवून, मुले सगळे ऐकतात एवढे तिला कळले नव्हते. काल पाचला तिने फोन केला तेव्हा आजी कुठे असे विचारल्यावर पोर "न्हाणीत" म्हणाली होती. त्याआधीच्या गुरुवारीही न्हाणीतच. सोनालीला स्वतःचा संताप आला.

"मॅडम, मी काम सोडतंय," विनिता म्हणाली. हॉल, बारा टेबले, शेवटचा शब्द, सगळे एका क्षणात तिच्या मनातून पुसले गेले. पाच गुरुवार पोर कडी लावून बसली आणि मी गर निवडत होते, एवढेच उरले. "लिवन घ्या. आजच."

"नको," रेश्मा म्हणाली. अकरा महिन्यांत ती कोणालाही नको म्हणाली नव्हती. "नको, नको, मी रवतंय एकटी, माका भंय दिसना." आणि तिला तिथेच हुंदका फुटला. भीती वाटत होती हे सगळ्यांना दिसले.

शेवंती उठली. पदराला हात पुसत ती ओसरी ओलांडून वत्सलासमोर जाऊन उभी राहिली. गुरुदास नंतर पुष्कळ दिवस सांगत की त्यांना वाटले, आता मारते.

"वत्सला," शेवंती म्हणाली, "सकाळची बस कितक्याक आसा?"

मध्ये कोणी नव्हते. वत्सलाने सवयीने इकडेतिकडे बघितले आणि मग तिच्या लक्षात आले की उत्तर तिलाच, तिच्याच तोंडाने द्यायचे आहे.

"सातांक," ती म्हणाली.

"मगे सातांक वच. एकाच्या आदी ये."

"आणि भाजी कोण काडतलो? काळोखात?"

"मी काडतंय तुज्यावांगडा. माका हात आसत."

"तुजे गुडघे आसत काय?"

"माज्या गुडघ्यांका काय जाला नाय. आणि भजन मी सोडतंय."

"भजन कित्याक सोडतंस? चातुर्मासाचा काम. बाजार मी सोडतंय."

"तू बाजार सोडलंस तर माजे दोडगे कोण इकतलो?" शेवंतीने विचारले.

"तुजे दोडगे मी कित्याक इकू?"

"आतासर कोण इकी? निरोप धाडून धाडून तुज्याच पाटयेंत घालतंय मां मी!"

चार वर्षांचे साठलेले बोलणे एकदम बाहेर पडत होते. दोघी हातवारे करत होत्या, एकमेकींचे शब्द तोडत होत्या. मी सोडते, नाही मी सोडते, यावरून त्या असे भांडल्या की आत मंद आचेवर राहून गेलेल्या कढईखालचा गॅस बंद करायला सोनालीला धावावे लागले. गुरुदास मध्ये म्हणाले, "केरीची फेरी माज्याशिवाय चलता, गुरवारी मीच रवतंय घरात." शेवंती "तुमी गप रवा" म्हणाली आणि वत्सलाने मान डोलावली. या घरात त्या दोघी एका बाजूला झाल्या होत्या. विनिता रडता रडता हसायला लागली. तिला आवरताच येईना.

मॅडमनी त्यांना भांडू दिले. मग वही मांडीवर घेतली.

"काळजी घेणाऱ्याचं नाव एकच लागतं, पण दुसरं पर्यायी देता येतं," त्या म्हणाल्या. "कुणाचं पहिलं?"

"हिचा," शेवंती म्हणाली.

"हिचा," वत्सला त्याच क्षणी म्हणाली.

शेवटी वयाने मोठी म्हणून शेवंतीची सही पहिली झाली. दुसरी वत्सलाची. गुरुवारी बाजार सकाळी, भजन दुपारी, आणि काही बदल झाला तर दोघींनी एकमेकींना स्वतः सांगायचे, पोरीमार्फत नाही, हे मॅडमनी वेगळे लिहून घेतले आणि दोघींना वाचून दाखवले.

"आता माझं ऐका," त्या विनिताला म्हणाल्या. "पाच गुरुवार मी लपवणार नाही. ते अहवालात जाणार. पण पोर इथेच राहावी असंही मी लिहिणार. तीन महिन्यांनी परत येईन, न सांगता, आणि गुरुवारीच येईन. काम सोडा असं मी म्हणणार नाही. तुम्ही घरी बसलात तर दोष आपला असं ही पोर समजेल."

विनिताने हात जोडले. मग डोळे पुसत ती ओसरीच्या टोकाला, खांबाशी जाऊन उभी राहिली.

"एक प्रश्न मात्र समिती विचारेलच. मोठी माणसं पुन्हा चुकतील. चुकतातच. तेव्हा आम्हाला कळणार कसं?"

शेवंतीने वत्सलाकडे पाहिले, वत्सलाने शेवंतीकडे.

"मी फोन करतलंय," रेश्मा म्हणाली. तिचे नाक अजून वाहत होते. "आईक. ती कामार आसली तरी."

"नंबर येतो?" मॅडमनी विचारले.

रेश्माने दहाही आकडे एका दमात म्हटले.

"अरे वा. कधी पाठ केलास?"

"पयल्या गुरवारी. फोनाच्या फुड्यात बसान. मगे दर गुरवारी म्हणतंय."

"आणि लावला नाहीस?"

"उचलललंय. लावलंय नाय. आई कामार होती."

सोनालीच आधी हलली. तिने आपला मोबाईल रेश्माच्या हातात दिला. "लाव आता," ती म्हणाली. तिचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "मी सांगते, लाव."

रेश्माने एकेक आकडा दाबला. दहावा दाबताना तिने डोळे मिटले. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, खांबाशी उभ्या असलेल्या विनिताच्या पर्समध्ये घंटी वाजली. विनिताने फोन काढला आणि कानाला लावला.

"हॅलो," ती म्हणाली.

"आई," रेश्मा म्हणाली, "घरा ये."

"येतंय," विनिता म्हणाली, आणि फोन तसाच कानाला धरून मधली चार पावले धावत गेली.